पत्रा कुणी धरला

१

सखारामला कुणी ‘सांगा ना आबा त्या दिवशीचं’ म्हणलं की त्याचं डोकं फिरतं. सांगायचं काय त्यात? ऐकणारा अर्ध्यात हसतो, नाहीतर मोबाइल काढतो, आणि शेवटी शहाण्यासारखा म्हणतो, वारा असेल. अरे, वारा असेल हे सखारामला कळत नाही का? उभी हयात वाळूजच्या कंपन्यांत पत्र्याचा माल चढवण्या-उतरवण्यात गेली त्याची. पण नातीच्या नामकरणाला पाहुणे जमले आणि विशाखानं, त्याच्या पोटच्या पोरीनं, सगळ्यांसमोर विषय काढला. आता सांगितलं नाही तर म्हातारा भ्यायला म्हणतील. म्हणून सांगायचं. एकदाच. मध्ये बोलायचं नाही.

तर बजाजनगरच्या टोकाच्या गल्लीत सखारामचं घर. विटांच्या भिंती, दोन खोल्या, वर लोखंडी पाइपांवर पत्रा. गल्लीतली सगळी घरं तशीच, एकाला एक चिकटलेली. स्लॅबचं घर एकच, समोरच्या पुंडलिकचं. मागं बंद पडलेल्या कंपनीचं कंपाउंड, आणि कंपाउंडची भिंत आणि घर यांच्यामध्ये एक बोळ, माणूस आडवा होऊन सरकेल एवढा.

विशाखा बाळंतपणाला माहेरी आली होती. ऑपरेशन होऊन मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणून चार दिवस होत नाहीत, तोच सकाळी घरातले सगळे फोन एकदम किंचाळले. समुद्रात चक्रीवादळ उठलं होतं आणि त्याची शेपटी दुपारी आपल्याकडून जाणार होती. घरात राहा, पत्रे बांधून घ्या, पाणी भरून ठेवा.

“घरात ऱ्हावा म्हणं,” सखाराम म्हणाला. “आन् घरच गेलं तर?”

जावई प्रणय पुण्याला ड्युटीवर. गाडी घेऊन निघतो म्हणाला, पण तो पोचायच्या आधी वादळ पोचणार होतं. विशाखाचे टाके ओले. तिला रिक्षात घालून खड्ड्यांतून कुठं न्यायचं? लांब नेता येत नव्हतं. गल्ली ओलांडता येत होती.

२

म्हणून सखाराम समोर गेला. तो आणि पुंडलिक एका गेटातून कामाला गेलेले, एका डब्यात जेवलेले. विशाखा लहानपणी त्याच्याच जिन्यात खेळायची.

“पुंडलिक, दुपारपुरती इशाखा तुझ्याकडं ठिवतो. तुझा स्लॅब हाय. माझ्या पत्र्याचा भरवसा नाय.”

पुंडलिक दारातून हलला नाही. चौकटीला हात लावून उभा राहिला.

“माझं काय नाय हो, भाऊ. पण आई लई देवाची हाय. घरात देव्हारा. सोयर संपू द्या म्हणती.”

“मंग वादळाला सांगून येऊ का? सोयर संपल्यावर ये म्हणून?”

“चिडू नका ना.”

“आवडामावशीला बोलीव. माझ्यासमोर म्हणू दे तिला.”

“झोपलीय ती.”

“झोपंत म्हणली का मंग, सोयर संपू द्या?”

 पुंडलिकनं दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं सखारामला वाटलं.

घरी आला तर मनकर्णाबाई कमरेला पदर खोचून उभी. तिला सांगावं लागलं नाही.

“कशाला गेलते तोंड वेंगाडायला? आपल्या भिंती काय कागदाच्या हायत? चला, पत्रा आवळू. मी हाय खाली.”

सखारामनं तिच्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत तिला कधी बरं बोलला नव्हता तो. तेव्हाही बोलला नाही, शिडी आणायला गेला. पण मनात म्हणाला, ही आहे म्हणून चाललंय.

३

पत्र्यावर लोक दगड ठेवतात. सखारामनं आधी ते उतरवले. दगड वादळात घरंगळतो आणि खाली कुणाच्या तरी टाळक्यात बसतो. त्याऐवजी वाळूच्या गोण्या. वाळू कोपऱ्यावरच्या बांधकामावरून आणली. तिथला माणूस म्हणाला, न्या काका, घर वाचलं तर परत आणून टाका. नावही ठाऊक नाही त्याचं. असे लोक असतात.

टीव्हीची छत्री काढून आत घेतली. भिंतीवरच्या तसबिरी, आरसा, घड्याळ उतरवून चादरीत गुंडाळून ठेवलं. नळाला पाणी आठवड्यानं येतं, लाइट गेल्यावर तेही नाही, म्हणून ड्रम, हंडे, बादल्या काठोकाठ भरल्या. गॅसचा रेग्युलेटर काढला. खिडक्या लावून फटींत चिंध्या कोंबल्या. आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब, कोपऱ्यात लोखंडी पलंग ओढला. वर दोन गाद्या, खाली एक. पत्रा आत आलाच तर पलंगावर येईल, खाली माणसं राहतील.

“आबा, मी काय मांजर हाय का?” विशाखा म्हणाली. “पिल्लू तोंडात धरून पलंगाखाली बसू का?”

“मांजरीला अक्कल असती. ती इचारीत नाय.”

विशाखा हसली आणि टाके दुखले म्हणून पोटावर हात धरला. सखारामनं तोंड फिरवलं.

राहिला पत्रा. पत्रा पाइपांना हुकांनी आवळलेला असतो आणि मागच्या बाजूचे हुक गंजलेले होते. उन्हाळ्यात बदलू म्हणता म्हणता राहिलेलं काम. आता नवे हुक आणायला वेळ नव्हता. त्यानं नायलॉनचे जाड दोर काढले, ट्रकवर माल आवळायचे. पुढून दोर टाकायचा, घरावरून मागं न्यायचा, दोन्हीकडं जमिनीत ठोकलेल्या लोखंडी अँगलला बांधायचा. जसा भारा बांधतात तसं घर बांधायचं.

४

पत्र्याच्या कामात बोलणं थोडं असतं. दोघांच्या मध्ये माल असतो, एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. एकानं ‘धर’ म्हणायचं. दुसऱ्यानं ‘धरलं’ म्हणायचं. मग पहिल्यानं ‘सोड’ म्हणेपर्यंत हातातलं सोडायचं नाही, मग हात तुटो. ज्यानं धर म्हणलं, सोड म्हणणंही त्याच्याच अंगावर. सखारामची दहाही बोटं जागेवर आहेत ती यामुळं. मनकर्णाबाईलाही त्यानं तेच शिकवलेलं.

ती बोळात, तो पुढं शिडीवर. मध्ये सगळा पत्रा.

“धर!”

“धरलं वोऽ!”

दोर ताठ झाला. तिनं मागं गाठ मारली, त्यानं पुढं मारली. मग ‘सोड’. एक दोर झाला. तोवर आभाळ मातकट पिवळं झालं होतं आणि गल्लीतली कुत्री कुठंतरी गेली होती. दुसरा दोर त्यानं अंदाजानं फेकला.

“धर!”

उत्तर आलं नाही. पण दोर सरकला. हळू, एकसारखा, कुणी हातावर हात टाकत ओढून घ्यावा तसा. मग ताठ झाला. पहिल्यापेक्षा ताठ.

“आगं बोल की! धरलं म्हन!”

दोराला एक हिसका बसला. सखारामला वाटलं, बाई दमली असेल, तोंडात पदर असेल. त्यानं गाठ मारली, शिडी उतरला, आणि समोर बघतो तर मनकर्णाबाई घराच्या दारातून बाहेर येतेय. हातात बाळाची ओली दुपटी.

“पोरगी रडायली व्हती म्हणून आत आले,” ती म्हणाली. “टाकू नका आजून दोर. आता जाते मागं.”

सखाराम तिच्याकडं बघत राहिला.

“काय झालं?”

“काय नाय. मीच जातो मागं.”

बोळात तो आडवा होऊन सरकला. बोळात कुणी नव्हतं. फुटक्या कुंड्या, पन्हाळीचा तुकडा, दुसऱ्या कुणाच्या पावलाचा ठसा नाही. पहिला दोर अँगलला नीट बांधलेला. दुसरा दोर खाली आलाच नव्हता. पत्र्याच्या कडेवरून वळून तो पत्रा आणि भिंत यांच्या फटीत, आत गेला होता. त्यानं हात वर करून ओढून बघितला. हलला नाही. लोंबकळला तरी हलला नाही.

पत्र्याच्या दातात अडकला असेल, तो मनाशी म्हणाला. देव, भूत, करणी, उतारा असलं त्याच्या घरात बापापासून कुणी मानलं नव्हतं. अडकला, म्हणून ताठ. ताठ आहे, म्हणजे काम झालं. मग हिसका कसला? वाऱ्याचा. पण वारा तोवर सुटला नव्हता.

तो विचार त्यानं तिथंच ठेवला, कारण तेवढ्यात वारा सुटला.

५

आधी नुसती धूळ. मग गल्लीतून बादल्या, चपला, कुणाचं तरी दार. सखारामनं कडी घातली, मेन स्विच पाडला आणि आतल्या खोलीत आला. भरदुपारी खोलीत अंधार. पलंगाखाली विशाखा कुशीवर, तिच्या पोटाशी बाळ. मनकर्णाबाई बाहेरच्या बाजूला बसलेली, अंगानं आडोसा करून.

पत्रा आधी थरथरला. मग वाजायला लागला. पुढची बाजू टिकली, पण मागची कड गंजक्या हुकांतून सुटत होती. एकेक हुक तुटल्याचा आवाज सखारामला ओळखता येत होता. शेवटी कड उचलली गेली आणि त्या अंधाऱ्या खोलीत पिवळ्या उजेडाची एक लांब पट्टी पडली. धूळ आत आली. बाळ ठसकलं.

“आबा!” विशाखा ओरडली. “आबा, पत्रा!”

सखाराम स्टुलावर चढला. उचललेली कड त्यानं दोन्ही हातांनी पकडली आणि खाली ओढली. पत्रा म्हणजे पातं. तळवे फाटले, रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं. वारा त्याला स्टुलावरून उचलत होता. एक पत्रा गेला की बाकीचे राहत नाहीत, हे त्याला माहीत होतं. आणि खाली चार दिवसांपूर्वी घरी आणलेला जीव होता. अंगातलं सगळं बळ काढून तो ओरडला, जसा आयुष्यभर ओरडत आला तसा,

“धर!”

“धरलं वोऽ!”

मनकर्णाबाईचाच आवाज. तसाच शेवटचा हेल. पत्रा खाली आला. सावकाश, जड, त्याच्या हातांना काही न करू देता, भिंतीवर टेकला.

सखारामला हायसं वाटलं. त्यानं मान खाली करून बायकोकडं बघितलं, शाबास म्हणायला.

मनकर्णाबाई पलंगापाशीच बसलेली होती. तोंडावर हात दाबून. ती वर बघत होती.

“मी नाय बोलले,” ती बोटांच्या आडून म्हणाली. “आवो, मी नाय बोलले.”

६

सखाराम स्टुलावरून लगेच उतरला नाही. उतरावं असं पायांना वाटत होतं. पण माणसानं बघितल्याशिवाय बोलू नये अशी त्याची खोड. पत्रा भिंतीवर टेकला होता तिथं एक बोटभर फट राहिली होती. वीज चमकली तेव्हा त्यानं फटीत बघितलं.

पत्र्याच्या कडेवरून बोटं आत वळलेली होती. चार. पाऊस अजून आला नव्हता तरी पाण्यानं निथळत होती. पत्र्याची धार त्यांच्यात रुतलेली होती आणि ती हलत नव्हती, थरथरतही नव्हती. सखारामनं आयुष्यात लई हात बघितले, फाटलेले, चेंगरलेले, तुटलेले. ही बोटं कसली, हे त्याला कळेना. मग कळलं. प्रत्येक बोटाला पेरं जास्त होती.

तो उतरला. पलंगापाशी जाऊन बायकोच्या शेजारी बसला.

मग पाऊस आला. पत्र्याच्या घरात पाऊस आला की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी नाही. समोर पुंडलिकच्या गच्चीवरची पाण्याची टाकी ढोलासारखी बडवली जात होती, ते स्पष्ट ऐकू येत होतं. पण आपल्या पत्र्यावर पाऊस पडतच नव्हता. पडत होता तो दुसऱ्या कशावर तरी. गोधडीवर पडावा तसा, मऊ आवाज.

“आबा,” विशाखा हळूच म्हणाली, “पत्रा असा खाली का आलाय?”

तिघंही वर बघत होती. छत बाजेसारखं मध्ये झोळ धरून खाली आलं होतं. पाइप करकरत होते. पण आता पत्रा उडायचं नाव नव्हतं. बाहेर झाडं मोडत होती, तारा तुटत होत्या, आणि त्या खोलीत मनकर्णाबाईनं आता कोपऱ्यात लावलेल्या मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती.

सखारामला वाऱ्याचं भय राहिलं नव्हतं. दुसरंच होतं. ते वजन जरा कुशीवर वळलं तर? वरच्याला वाटलं, आत काय आहे ते बघावं, तर?

तेवढ्यात बाळ जागं झालं आणि रडलं. छत थोडं वर गेलं. पाइपांची करकर कमी झाली. जणू कुणी जपून अंग उचलून धरलं. विशाखानं बाळाला पाजायला घेतलं. ते चुटूचुटू प्यायला लागलं, आणि मनकर्णाबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“कोण का असंना,” ती म्हणाली, “बरं हाय ते.”

७

वादळ गेलं. दिवस बुडायच्या आत उघडलंसुद्धा. आकाश धुतल्यासारखं, गल्लीत फांद्या आणि चिखल. लोक बाहेर येऊन एकमेकांना हाका मारत होते. गल्लीतला एकही पत्रा गेला नव्हता. सगळ्यांना नवल. गेली होती फक्त पुंडलिकच्या गच्चीवरची टाकी. वाऱ्यानं उचलून ती कंपाउंडपलीकडं नेऊन फोडली होती.

पुंडलिक आला नाही. त्याची आई आली, आवडाबाई, वाकलेली, हातात बादली.

“सखाराम, पाणी हाय का रं बाबा? आमची टाकी गेली.”

सखारामच्या हातांना फडकी गुंडाळलेली. त्यानं बादली ड्रममध्ये बुडवली, भरली, आणि तिच्या पुढ्यात ठेवली. “घ्या मावशी. पण बाळंतिणीच्या घरचं हाय. चालंल का देव्हाऱ्याला?”

म्हातारी बघतच राहिली. “असं का बोलायलास?”

“तुमीच म्हणले ना, सोयर संपू द्या?”

“मी?” आवडाबाई म्हणाली. “कवा? मला तर ठावंच नाय तू आलता म्हणून! पोरगी हितं पत्र्याखाली व्हती? आन् मी तिकडं देवाला दिवा लावीत बसलते?” तिचं तोंड एवढंसं झालं. ती तशीच आत गेली, विशाखाच्या तोंडावरून हात फिरवला, बाळाच्या पायांना डोकं लावलं. “माफ कर गं माय. माझ्या नावानं झालं, म्हणून माझंच चुकलं.” जाताना दारात थांबली आणि वर बघितलं. “सखाराम, तुझा पत्रा लई खाली बसलाय रं. वर काय ठिवलंय?”

“गोण्या,” सखाराम म्हणाला.

ती गेल्यावर तो दुसऱ्या दोरापाशी गेला. दोर तारेसारखा ताठ होता, हात लावला तर गुणगुणत होता. वादळ जाऊन किती वेळ झाला होता. आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. धर म्हणून ओरडला होता तो. त्यानंतर काहीच बोलला नव्हता. वरचा अजून धरून होता.

भय वाटत होतं, खोटं कशाला बोलायचं. सोड म्हणलं की ते खाली उतरेल. उतरून कुठं जाईल? पण त्याला ती बोटं आठवली, पत्र्याची धार रुतलेली. त्याचे स्वतःचे तळवे फडक्यात ठणकत होते. तो घटकाभर धरून होता तर ही गत. माल हातात देऊन सोड म्हणायचं विसरणारा माणूस त्याच्या हिशेबी माणूसच नव्हता.

“मनकर्णे, आत बस. दार लावून घे.”

“आन् तुमी?”

“ज्यानं माझं काम केलं त्याला मी कवा ताटकळत उभा ठिवलाय का? जा.”

बोळात तो आडवा सरकला. मावळतीचा उजेड तिथवर पोचत नव्हता. त्यानं वर बघितलं नाही. नमस्कार कुणाला करायचा हे त्याला कळेना, कारण तो असल्याला मानत नव्हता आणि आजही मानत नाही. पण उपकार झाले ते झाले. त्यानं फडक्यात बांधलेले हात जोडले.

“बाबा,” तो म्हणाला, “कोण हायेस ते इचारीत नाय. माझी लेक वाचली, नात वाचली. लई उपकार झाले. हात दुखले असतील तुझे. सोड आता.”

दोर सैल झाला. ढिला होऊन त्याच्या खांद्यावर पडला. ओला नव्हता, कोमट होता.

मग डोक्यावरचा पत्रा टण्णकन वर आला. त्याच्या मागोमाग शेजारच्या घराचा. मग त्याच्या पलीकडच्याचा. एकामागून एक, टण्ण, टण्ण, टण्ण, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सखाराम भिंतीला पाठ लावून ऐकत राहिला, आणि ते संपेचना. मग शेवटच्या घराच्या पलीकडं, जिथं मोकळं माळरान आहे, तिथलं गवत वारा नसताना दबत लांब गेलं. बोळाच्या फटीतून तेवढंच दिसलं.

“धरलं वोऽ” असा आवाज नंतर कधी आला नाही. दोर सखारामनं तिथंच ठेवलाय, बांधला नाही, काढलाही नाही. हुक नवे बसवले. प्रणयनं स्लॅब टाकू म्हणून लई जोर केला, सखारामनं नको म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. वाळू जिथली तिथं नेऊन टाकली आणि त्या माणसाला घरी बोलावून जेवू घातलं. मनकर्णाबाईला तो त्या दिवसापासून बरं बोलतो, जमेल तेवढं. नात गुटगुटीत झाली. आवडामावशी रोज येऊन तिला तेल लावते. सखारामला कुणाकडून आता काही नको आहे. ज्याचं नाव कळलं नाही त्याचेही आभार त्यानं मानले.

माफी तेवढी एकाची यायची आहे. टाकीच्या पाण्यापायी आईला पाठवलं, तिनं न केलेली चूक तिच्या तोंडून कबूल झाली, आणि हा अजून दाराआडून बघतो. आज नामकरणाचं जेवण झालं, सगळी गल्ली जेवून गेली, समोरचं दार बंदच. गल्ली ओलांडायला वादळ लागत नाही. सखाराम नाव घेऊन सांगतोय, ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगतोय: पुंडलिक.